उलट चालीने पानमळ्याला

प्रवासवर्णन लिहायला बसणारी माणसे निदान काशीला तरी जाऊन आलेली असतात. मी गेले होते सोलापूरहून बोरी नदीच्या काठी, माझ्या थोरल्या बहिणीच्या गावाला. दुधनीच्या अलीकडचे ते एक खेडे. बैलगाडीवाले तिकडे डुलक्या काढत जातात आणि त्याला कोणी प्रवास म्हणत नाही. तरी आमच्या शाळेतल्या बायकांनी 'लिहाच' म्हणून माझ्यामागे लकडा लावला, कारण त्या साध्या वाटेवर आमची जी गत झाली ती ऐकून त्यांची हसून मुरकुंडी वळली होती. मला तेव्हा अजिबात हसू आले नव्हते. आता मात्र येते. सगळे सुखरूप पार पडले की माणसाला काय, कशाचेही हसू येते.

सोलापूर

सुरुवात झाली ती पानांच्या करंड्यांपासून. अक्काच्या गावचा एक शेजारी बाजाराला पाने घेऊन आला होता. तो आमच्याकडे डोकावला, पाणी प्यायला आणि जाता जाता म्हणाला, "बाई, तुमची अक्का पार वाळली हो. मळा बी वाळला, आन ती बी."

अक्काचा पानमळा मला माहीत होता. सासरच्या सगळ्यांनी 'ज्वारी पेर' म्हणून सांगितले असता तिने हट्टाने विहिरीकडेला शेवरी लावली आणि तिच्यावर नागवेली चढवल्या. पानमळा म्हणजे नुसते शेत नव्हे. त्यात वहाण घालून कोणी जात नाही, मोठ्याने बोलत नाही, आणि पाणी एखाद्या तान्ह्या पोराच्या दुधासारखे वेळच्या वेळी द्यावे लागते. चार वर्षे अक्काने तो जपला. यंदाच्या उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खोल गेले, मोट ओढणारा एक बैल पायाने अधू झाला, आणि उरलेल्या बैलांवर अर्धाच मळा भिजू लागला. अक्का पहाटेपासून मोटेवर, आणि उरलेला वेळ दारे मोडत, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवत, पाण्याच्या मागे. वेल मेले तर पुन्हा लावायला तिला कोणी जमीन देणार नव्हते. सासऱ्यांनी तसे बजावलेच होते.

आमचे हे एका सरकी काढायच्या कारखान्यात सामानाच्या कोठीवर होते. (नवऱ्याचे नाव मी घेत नाही. शिकलेली बाई असूनही घेत नाही, त्याला काय करायचे?) कारखान्यात एक जुने तेलाचे इंजिन पडून होते. मालकांनी ते उन्हाळ्यापुरते न्यायला दिले. पंप आणि लोखंडी नळ दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, बैलगाडीतून घेऊन गेले आणि त्यांनी विहिरीत बसवूनही टाकले. अडले ते इंजिन. गाडीवान यायचे, इंजिनाभोवती एक चक्कर मारायचे आणि हात जोडून निघून जायचे. रेल्वेच्या मालधक्क्यावर चौकशी केली, तर डबा मिळायला पंधरवडा तरी लागेल म्हणाले. पंधरवड्याने तिथे वेलांची नुसती सुतळी उरली असती.

तेव्हा ह्यांनी जाहीर केले, "मोटारीने नेऊ."

मोटार आमची नव्हे, ह्यांच्या एका स्नेह्याची. जुनी, उघडी, वर ताडपत्रीचे छप्पर, आणि स्वभावाने अगदी वेगळी. इतर मोटारींना गिअर बदलायला हाताशी दांडा असतो, हिला तो नव्हता. खाली पायाशी तीन पायडले होती. डावे पायडल तळापर्यंत दाबून धरले की मोटार सावकाशीच्या गिअरमध्ये जाई, म्हणजे हळू पण जोराने ओढी. पाय उचलला की ती आपली आपण वेगाचा गिअर घेई. कोणी काही करायचे नाही. मधले पायडल मागे जायचे आणि उजवे थांबायचे. ह्यांना या गोष्टीचे फार कौतुक. "माणसाने नुसता पाय उचलायचा, बाकीचे तिचे तिला समजते," असे ते येईल त्याला सांगत. पाठीमागे अवजड गाडी बांधली म्हणजे तिला काय समजते, हे मात्र कोणी पाहिले नव्हते.

एका जुन्या बैलगाडीची साटी, म्हणजे खालचा सांगाडा, घेऊन तिला मोटारीची चाके लावली, साटीवर फळ्या टाकून इंजिन दोरखंडांनी आवळले, आणि ती मागची गाडी लोखंडी दांडीने मोटारीला जोडली. चालवायला सिद्राम. हा मूळचा टांगेवाला, अक्कलकोटाकडचा, कानडी-मराठी दोन्ही बोलणारा, पन्नाशीचा माणूस. टांग्याचे दिवस संपत आले तसा मोटार शिकला. मीही निघाले. हे म्हणाले, "तू कशाला उन्हात?" मी म्हटले, "बहीण माझी आहे."

वळसंगच्या पुढे

रविवारी सकाळी निघालो. सपाट रस्त्यावर मोटार झकास चालली. रस्त्याकडेची माणसे थांबून पाहत. एका बाईने इंजिनाला हात जोडले. बहुधा कोणत्या तरी देवाची मूर्ती चालली आहे अशी तिची समजूत झाली. हे पुढे बसून टोपी सावरत होते. मी मागे भाकरीच्या गाठोड्याशेजारी बसून पाहत होते की आपली मागची गाडी आपल्याबरोबर येते आहे ना.

पहिला चढ आला तो काही फार मोठा नव्हता. पायी चालणाऱ्याला तो चढ आहे हे कळलेही नसते. पण मोटारीला कळला. वेगाच्या गिअरमध्ये तिने धडधड करून दोन-चार धक्के खाल्ले, आणि सिद्रामने डावे पायडल दाबले. लगेच मोटारीचे इंजिन असे किंचाळू लागले की रस्त्याकडेच्या शेळ्या पळाल्या. मोटार मात्र हळूहळू वर चढू लागली. निम्म्या चढावर किंचाळणे कमी झाले. मला बरे वाटले. पाहते तर मोटारही हळू झाली होती, जवळजवळ जागच्या जागीच. मग पुन्हा किंचाळणे, पुन्हा कमी. असे करत माथ्यावर पोचलो. पोचलो तेव्हा पायाखालच्या फळीतून धूर येत होता.

"पेट्रोल सांडलं," हे म्हणाले आणि उडी मारून खाली उतरले.

वास पेट्रोलचा नव्हता. गिरण्यांच्या गावात राहणाऱ्या बाईला जळक्या सुताचा वास सांगायला कोणी लागत नाही. इस्त्री लुगड्यावर जरा जास्त वेळ राहिली की येतो तोच वास. मी तसे म्हटले. ह्यांनी माझ्याकडे, स्वयंपाकघरातली गोष्ट रस्त्यावर आणू नये, अशा नजरेने पाहिले.

मोटार थंड होईतो आम्ही बाभळीखाली बसून भाकरी, शेंगांची चटणी आणि कांदा खाल्ला. मी सिद्रामला विचारले, "दादा, चढावर मध्येच काय करत होतात?"

"दम देत हुतो, बाई."

"कोणाला?"

"तिलाच की. लई वरडत हुती. चढावर जनावराला सारकं हाणत न्हाईत, मधी मधी सैल सोडावं लागतंय. म्या बी पाय अर्दा उचलत हुतो." त्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "माझं घोडं ठेसनाच्या चढावर पडलं, बाई. तवा मी दम दिला न्हवता. सवारीला गाडी गाठायची हुती."

टांगा सोडून तो मोटारीवर का आला हे मला तेव्हा समजले.

अक्कलकोटाच्या पलीकडे

त्या दिवशी बोरी गाठायचा आमचा बेत होता, पण धूर, थंड होणे, पुन्हा धूर, यातच दिवस गेला. अक्कलकोट मागे टाकून एका खेड्यात मुक्काम केला. सिद्रामच्या ओळखीचे घर होते. घरधनीण गौरव्वा दारातच "बर्री, बर्री", म्हणजे 'या, या', म्हणत पुढे आली. तिला मराठी समजे, पण ती बोले कानडीच. मी मराठी बोलायची, ती कानडी, आणि आमचे छान चालले होते. तिने माझ्या हातातले गाठोडे घेतले, ते हुंगले, आणि आतली भाकरी शिळी आहे हे ओळखून गाईला घालायला काढून ठेवले.

आमच्याकडे पाहुणा आला की आधी ताट आणि मग विचारपूस. इथे तसे नव्हते. घरातले म्हातारे आजोबा गळ्यातले लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले होते, आणि ती झाल्याशिवाय घरात कोणाचे पान मांडले जात नाही. हे दुपारपासूनचे भुकेले. आजोबांचे डोळे मिटलेले, चेहरा अगदी शांत. हे समोर भिंतीला टेकून बसले होते आणि दर थोड्या वेळाने माझ्याकडे पाहत होते. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिले. अखेर पूजा आटोपली, विभूतीची बोटे सगळ्यांच्या कपाळाला लागली, आणि कडक भाकरी, दही, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कसलीशी पातळ आमटी असे जेवण झाले. ती आमटी कशाची हे मी तिला तीनदा विचारले. तिने तीनदा सांगितले. अजून मला ती कशाची ते माहीत नाही, पण तशी आमटी पुन्हा कुठे मिळाली नाही.

जेवण होण्याआधी, उजेड होता तोवर, ह्यांनी मोटारीच्या पायाखालची फळी काढून खालचे झाकण उघडले होते. आत तीन गोल डबे, आणि प्रत्येकाला कंबरपट्ट्यासारखा एकेक पट्टा. पट्ट्याला आतून जाड विणलेले सूत. डावे पायडल दाबले की त्यातला एक पट्टा आपला डबा घट्ट आवळून धरतो, आणि म्हणून मोटार सावकाशीच्या गिअरमध्ये जाते. अर्धवट दाबले तर पट्टा ना आवळतो ना सोडतो. डबा आत फिरत राहतो आणि सूत घासून जळते. मोटार एकटी असताना एवढ्यातेवढ्याने काही बिघडत नव्हते. मागे इंजिन बांधल्यावर मात्र प्रत्येक अर्ध्या पावलाला सूत जळत होते.

मी बोट लावून पाहिले. एका पट्ट्याचे सूत काळे पडून कागदाइतके उरले होते. मधल्या पट्ट्याचे मात्र विणकराने काल दिल्यासारखे होते.

"म्हणजे ओरडत होती तेव्हा तिला काही होत नव्हतं," मी म्हटले. "गप्प झाली तेव्हा जळत होती."

ह्यांनी मान डोलावली. वासाबद्दल माझे बरोबर होते हे त्यांनी बोलून दाखवले नाही, पण हात धुवायला पाणी माझ्याकडेच मागितले, यावरून मी समजले. काळ्या पट्ट्याचा नट त्यांनी आवळता येईल तितका आवळला. सिद्राम वाकून पाहत होता. त्याला सांगितले, "दाबायचं तर पार तळाला. नाहीतर दाबायचंच नाही."

"व्हय," तो म्हणाला. पण त्याचा चेहरा पाहून माझी काही खात्री पटली नाही.

बोरी

सोमवारी उन्हे चढायच्या आत नदीवर आलो. उन्हाळ्यात बोरीला पाणी कुठले? मधून मधून हिरवी डबकी, बाकी वाळू. पात्रातून पलीकडे जायला लोकांनी दगड आणि पालापाचोळा टाकून वाट केली होती. ती ओलांडेपर्यंत मी खाली उतरून चालले, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात चाकाखाली घालायचा दगड. पलीकडे दरड. तिच्यावरून गाडीवाट तिरकी वर जाते, आणि वर गेले की अक्काच्या मळ्यातली शेवरी दिसते.

मोटार किंचाळत दरड चढू लागली, हे आणि मी बाजूने पायीच. सिद्रामने ओठ घट्ट मिटले होते. अर्ध्यावर आलो आणि ते किंचाळणे सोसवेनासे होऊन त्याचा पाय सवयीने उचलला गेला. क्षणभरच. पुन्हा दाबला तेव्हा पायडल फळीला टेकले आणि काहीच झाले नाही. मोटारीचे इंजिन मोकळे भिरभिरले, उजवे पायडल त्या ओझ्यापुढे पुरेना आणि आमची सगळी वरात मागे घसरू लागली. मागची गाडी डबक्याच्या बाजूला वळली. मी हातातला दगड चाकाखाली टाकला, तो उडाला. दुसरा मोठा धोंडा ह्यांनी लोटला, तो बसला. गाडी कलंडायच्या बेतात येऊन थांबली. दोरखंड करकरले. इंजिन पाण्यात गेले असते तर ते पुन्हा वर काढणे आमच्या हातचे नव्हते. मी आणखी दोन दगड आणून चाकांना लावले.

आवाज ऐकून वरून दाजी धावत आले, मागोमाग आणखी तीन-चार जण. दाजींनी मोटार पाहिली, इंजिन पाहिले, माझ्याकडे पाहून म्हणाले, "आलीस व्हय इंदू? बरं झालं."

"दाजी, बैल आणा," मी म्हटले. "तुमचे, शेजाऱ्यांचे, मिळतील तेवढे. जुंपून वर ओढू."

दाजींनी मुंडासे सोडून पुन्हा बांधले.

"आज सोमवार हाय की, इंदू."

मी विसरलेच होते. त्या भागात सोमवारी बैल जुंपत नाहीत. तो बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. आमच्या माहेरी असे नव्हते, आमच्याकडे बैलांची विश्रांती पोळ्याला. मला राग आला आणि तो मी लपवला नाही. "म्हणजे आज मोटही बंद? तिकडे वेल मरताहेत आणि तुम्ही वार पाळता?"

"वेल मरत्यात म्हून बैलबी मारायचे का?" दाजी शांतपणे म्हणाले. "सहा दिस वढत्यात ती. अदू झालाय त्यो पाय वढून वढूनच झाला. त्यास्नी एक दिस तरी नगं?"

ते खरेच होते. पण म्हणजे आज मळ्याला पाणी नव्हतेच. काल अर्ध्याच मळ्याला मिळाले होते. दाजी म्हणाले, विहिरीकडेच्या वाफ्यांतली पाने कालपासून खाली वळली आहेत, अक्का सकाळपासून घागरीने पाणी ओतते आहे. घागरीने सबंध मळा कसा भिजणार? उद्या बैल मिळतील तोवर तो अर्धा मळा हातचा जाणार हे त्यांनाही दिसत होते. म्हणून तर ते धावत आले होते.

सिद्राम मोटारीच्या पायरीवर बसला होता. "माझ्याच्यान झालं ह्ये," तो म्हणाला. "सांगून बी पाय उचललाच. वरडली की मला माझं घोडंच दिसतंय."

हे झाकण काढून आत पाहत होते. काळ्या पट्ट्याचे सूत संपले होते, नुसता पत्रा उरला होता. मी वाकून पाहिले आणि मला तो मधला पट्टा पुन्हा दिसला, कोराकरकरीत.

"अहो, हा मधल्या पायडलाचा ना? मागे जायचा?"

"हो."

"हा तर कधी वापरलाच नाही."

"मागे कशाला जायचं रोज?" हे म्हणाले. मग ते तसेच वाकलेले राहिले. मग सरळ झाले. "मागचा गिअर सावकाशीच्याहूनही जोराचा असतो," ते हळूच म्हणाले. "मोटार फिरवायची. तोंड नदीकडे, पाठ चढाकडे. इंजिनाची गाडी पुढच्या बाजूला बांधायची. आणि मागे मागे जायचं, वरपर्यंत."

दाजींना हे दोनदा सांगावे लागले. समजल्यावर त्यांनी आपल्या माणसांना कानडीत सांगितले, आणि ते लोक हसू लागले. पण हसता हसता कामालाही लागले. मागची गाडी धोंड्यांनी पक्की करून सोडवली, मोटार रिकामी करून माणसांनी ढकलून फिरवली, तिच्या पुढच्या कण्याला लोखंडी दांडी आणि दोरखंड बांधले. दोन माणसे दांडीपाशी, दोन धोंडे घेऊन चाकांपाशी.

चालवायचे कोणी? ह्यांना सपाटीवर येते, चढावर मान वळवून नव्हे. सिद्राम उठेना.

मी त्याच्यापाशी गेले. "दादा, हे घोडं नाही. ओरडतं तेव्हा ते पूर्ण जोर लावतं, त्याला दुखत नाही. आपण कनवाळूपणा केला तेव्हा ते जळालं. आत काय झालं ते तुम्हीही पाहिलंत."

"बघितलं," तो म्हणाला. "डोक्याला पटतंय, बाई. पायाला पटत न्हाय."

"मग पायाकडे मी बघते."

आणि मी खरोखरच मोटारीत, त्याच्या शेजारी, लुगड्याचा पदर खोचून बसले. बायका त्या काळी ड्रायव्हरशेजारी अशा बसत नसत. हे टोपी सावरत बाजूला झाले.

सिद्रामने मान मागे वळवली आणि मधले पायडल तळापर्यंत दाबले. मोटार किंचाळली. माझ्या उभ्या आयुष्यात मी कोणत्याही यंत्राला तसे ओरडताना ऐकले नाही. पण ती हलली. समोर, म्हणजे आमच्या तोंडासमोर, इंजिनाची गाडी आमच्याकडे पाहत पाहत वर येऊ लागली. मी फक्त सिद्रामच्या पायाकडे पाहत होते. अर्ध्यावर त्याच्या पोटरीचे स्नायू थरथरले. मी म्हटले, "असाच." टाच उचलली जातेय असे वाटले की पुन्हा, "असाच, दादा." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तो मागे पाहत होता. जळका वास आला नाही. धुरळा आला, पेट्रोल आले, घामाचा वास आला, पण जळक्या सुताचा आला नाही. अन् एकाएकी समोरच्या गाडीचा तिरकेपणा गेला, किंचाळणे मऊ झाले, आणि आम्ही दरडीवर सपाटीला होतो.

सिद्रामने पाय उचलला. मग तो आपल्या पायाकडे बघत बसला.

"जळली न्हाय," तो म्हणाला.

"नाही जळली."

इंजिनाची गाडी आता पुन्हा मागे जोडावी तर जागेवरून हलायला सावकाशीचा गिअर लागतो, आणि तो तर गेला होता. तेव्हा आम्ही तसेच, उलट चालीने, गावातून मळ्यापर्यंत गेलो. सगळे गाव बाहेर आले. एक म्हातारी पारावरून म्हणाली, "देवळातनं पाठ न दाकवता निगाल्यागत चाललीया की ही." लोक हसले, मीही हसले. ह्यांनी टोपी काढून त्या म्हातारीला नमस्कार केला.

मळा

अक्का मळ्याच्या तोंडाशी उभी होती, काखेत घागर. खरेच वाळली होती. गालाची हाडे वर आली होती, हात ओले आणि मातीने माखलेले. तिने मला मिठी मारली नाही, 'कशी आहेस' म्हटले नाही. तिने इंजिनाकडे पाहिले आणि विचारले, "आजच चालंल?"

"बघू," हे म्हणाले.

ते आत शिरले तेव्हा अक्काने त्यांच्या बुटांकडे नुसते पाहिले. त्यांनी तिथल्या तिथे बूट काढले आणि विहिरीपर्यंतचा तापलेला रस्ता अनवाणी चालत, बोटांवर उड्या मारत गेले. दाजी, हे, सिद्राम आणि गावची माणसे यांनी फळ्यांवरून इंजिन सरकवत पंपाशी आणले, खाली दगड भरून पक्के केले, पट्टा चढवला. दुपार कलली. मोठे चाक हाताने फिरवून फिरवून सगळ्यांचे दंड भरून आले आणि इंजिन नुसते खोकायचे. अक्का घागर घेऊन विहिरीत उतरायची, वर यायची, एकेका वेलाच्या मुळाशी ओतायची. तिला कोणी 'थांब' म्हटले नाही. मीही दुसरी घागर घेतली.

मग एकदा इंजिनाने खोकणे सोडून दुसराच आवाज काढला. टुक्, टुक्, टुक्. नळाच्या तोंडातून आधी वारा आला, मग गढूळ चिखल, मग पाणी. ते पाटात पडले आणि पाटातून वाफ्यांकडे धावत सुटले. अक्का दारे मोडायला धावली, पण पाणी तिच्याही पुढे होते. रोज तिला पाण्याची वाट पाहत उभे राहावे लागे. आज पाणीच तिच्यासाठी थांबेना. मला रडू आले आणि मी ते येऊ दिले. दाजी विहिरीच्या काठावर मटकन खाली बसले.

अक्का सगळ्या मळ्यातून फिरून आली. वेलांची पाने अजून खालीच वळलेली होती, पण देठात जीव आहे असे तिने एकेका वेलाला बोट लावून ठरवले. मग ती आमच्यापाशी आली आणि म्हणाली, "आता मी जरा बसते."

ती विहिरीकडेच्या शेवरीखाली बसली. बसली म्हणेपर्यंत आडवी झाली, आणि आडवी होईपर्यंत झोपली. इंजिन तिच्यापासून चार हातांवर असे दणदणत होते की आम्हाला एकमेकांशी ओरडून बोलावे लागत होते. ती उपडी, एक हात पाटाच्या पाण्यात सोडून, तोंड उघडे ठेवून, एखाद्या लहान पोरीसारखी झोपली. तिला अशी भर दिवसा झोपलेली मी लग्नाआधीपासून पाहिली नव्हती. मी तिचा हात पाण्यातून बाहेर काढला, तिने तो झोपेतच पुन्हा आत टाकला. मग मी राहू दिला.

उन्हे उतरली तेव्हा शेवटचा वाफा भरला. हे इंजिनापाशी गेले आणि त्यांनी ते बंद केले. टुक् टुक् मंद झाले आणि थांबले, आणि मळ्यात एवढी शांतता पसरली की पानांवरून ठिबकणारे पाणी ऐकू येऊ लागले.

अक्का ताडकन उठून बसली. "मोट का थांबली?" तिने विचारले. डोळे उघडे होते, पण ती अजून जागी नव्हती. "पाणी? कुणी सोडलं बैल?"

दाजी तिच्याजवळ उकिडवे बसले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, जो आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी एरवी कधीच ठेवला नसता.

"सगळं भरलं," ते म्हणाले. "बैल सकाळपास्नं गोठ्यात हायत. नीज तू."

अक्काने एकदा ओल्या वाफ्यांकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे, आणि पुन्हा आडवी झाली.